शाईचं नाव, शिसपेन्सिलीचं नाव



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'जुन्या सूचिपर्णी जंगलात पडलेल्या ओंडक्यांवरची अळंबी.' पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग अगदी सौम्य आवाजात विचारणा झाली, 'पण सर, आपल्याकडे सूचिपर्णी जंगल कुठंय?' प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीत ते नाही. मी ज्या ओंडक्यांबद्दल बोलणार आहे ते अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन आणि ओरेगन या राज्यांत पडलेले आहेत. माझा मुलगा सिएटलजवळ राहतो. त्याच्याकडे गेलो की माझा ऑक्टोबर या ओंडक्यांपाशी गुडघे टेकण्यात जातो. सुनेनं माझ्यासाठी गुडघ्याला बांधायच्या रबरी गाद्या आणून ठेवल्या आहेत, यावरून काय ते समजा.

तरीही हा विषय या व्यासपीठाचाच आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमतो त्या सरांनी मला शिकवलेली एक गोष्ट मला चाळीस वर्षांनी, बारा हजार किलोमीटरवर कळली.

सरांच्या खोलीतलं कपाट तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्यात खाकी पाकिटं होती, आणि पाकिटांत वाळलेल्या अळंब्या. पावसाळ्यात कुड्यावर, आंब्यावर उगवणारी मऊ छत्री नव्हे. झाडाच्या बुंध्याला फळीसारखी चिकटून राहणारी, लाकडाइतकी टणक. कोकणातल्या मंडळींना फणसांबा माहीत आहे. फणसाच्या जुन्या झाडावरून काढून ठेवायचा आणि पोराचं तोंड आलं की सहाणेवर उगाळून लावायचा. ही सगळी त्याच गोतावळ्यातली. तर सरांच्या प्रत्येक पाकिटावर दोन नावं असत. लाकडाचं नाव शाईनं, अळंबीचं शिसपेन्सिलीनं. एकदा धीर करून मी कारण विचारलं. ते म्हणाले, 'लाकडाची माझी खात्री असते. अळंबीबद्दल लोकांची मतं बदलतात.' तेव्हा मला तो त्यांचा तिरकसपणा वाटला होता.

माझ्या घरची लाकडाची वखार होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, करवतीचा भुसा चिमटीत घेऊन हुंगायचे आणि साग की किंजळ ते सांगायचे. गिऱ्हाईक आईन म्हणून दुसरंच काही विकायला आलं तर ते फळीच्या टोकाला थुंकी लावून रेषा बघायचे आणि एक शब्दही न बोलता भाव निम्म्यावर आणायचे. मी वनस्पतिशास्त्राकडे गेलो तेव्हा वखारीतलं हे सगळं मागे राहिलं, अशी माझी समजूत होती. सरांनी मला पहिल्या वर्षी अळंबीचं एकही नाव शिकवलं नाही. लाकडाच्या चकत्या ओळखायला लावल्या. 'वखारवाल्याचा मुलगा ना तू? मग तुझं अर्धं काम झालेलं आहे.'

ऑलिंपिक द्वीपकल्पावर हो नदीचं खोरं आहे. त्या नावाची गंमत आपल्याला वाटते, तिकडे कुणाला वाटत नाही. वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या आसपासचा. फरक इतकाच की तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. सत्तर-ऐंशी मीटर उंचीचे सिट्का स्प्रूस, डग्लस फर, वेस्टर्न हेमलॉक आणि रेड सीडर. त्यांतले कित्येक पाचशे वर्षांचे. असं झाड पडलं की त्याचा ओंडका माझ्या छातीपर्यंत येतो. त्यावर शेवाळ चढतं, शेवाळात हेमलॉकचं बी रुजतं, आणि शंभर वर्षांनी एका सरळ ओळीत उभे वृक्ष दिसतात. कुणी दोरी धरून लावले असावेत असे. खालचा ओंडका कालांतरानं विरून जातो. राहते ती ओळ.

अशा ओंडक्यावर फळीसारखी अळंबी दिसली की तिकडचे हौशी लोक ताबडतोब फोन काढतात. फोटो वरून काढतात, आणि फोन नाव सांगतो. कधी बरोबर, बऱ्याचदा बरोबरच्या शेजारचं. फोनवर माझा राग नाही. पण अळंबीची वरची बाजू म्हणजे पाठ, आणि पाठीवरून माणूस ओळखायचा तर तो आधीच ओळखीचा असावा लागतो.

म्हणून पहिला प्रश्न: हा ओंडका कुणाचा? साल शिल्लक असेल तर काम सोपं. डग्लस फरची साल बोटभर खोल भेगांची, जुन्या झाडावर तर वीतभर जाड. रेड सीडरची साल लांब पट्ट्यांनी सुटते. स्प्रूसची साल रुपयाएवढ्या खवल्यांनी गळते. साल गेली असेल तर अण्णांची पद्धत: चाकूच्या टोकानं ढलपी काढायची आणि नाकाशी धरायची. सीडरचा वास विसरताच येत नाही, जुन्या चंदेरी पडलेल्या ओंडक्यातही तो आत जिवंत असतो. डग्लस फरला राळेचा वास आणि तांबूस गाभा. हेमलॉक फिकट, वासाला जवळजवळ काहीच नाही. फांद्यांचा घेर, गाठींची ठेवण, आजूबाजूला पडलेल्या शंकूंचे खवले हे सगळे साक्षीदार. डग्लस फरच्या शंकूच्या खवल्यांतून तीन टोकांची चिटुकली पट्टी बाहेर डोकावते. खवल्याखाली उंदीर दडलाय आणि मागचे पाय नि शेपूट तेवढी बाहेर राहिली आहे, असं तिथली मुलं सांगतात. आणि हा डग्लस 'फर' खरा फर नव्हेच, हेही सांगून टाकतो. नावांवर किती विश्वास ठेवायचा, याचा पहिला धडा तिथंच मिळतो.

लाकूड का आधी? कारण या अळंब्यांची चव-आवड कडक असते. हेटेरोबेसिडिऑनचंच घ्या. सूचिपर्णी झाडांची मुळं कुजवणारी ही पिढीजात वैरीण. पश्चिम अमेरिकेत ती एकच समजत असत. २०१० मध्ये तिच्या दोन जाती नावानिशी वेगळ्या झाल्या: एक मुख्यत्वे पाइनवर जाणारी, दुसरी हेमलॉक-फरवर. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. ओंडका कुठला हे ठाऊक असेल तर निम्मा निकाल भिंगाआधीच लागतो.

दुसरा प्रश्न: अळंबीचं तोंड कुठं आहे? इथे मला आपल्या भाषेची मौज वाटते. गवंड्याचा ओळंबा आणि झाडावरची अळंबी, दोघांचं काम एकच, पृथ्वीकडे बोट दाखवायचं. अळंबीच्या खालच्या अंगाला सूक्ष्म नळ्यांची दाटी असते. त्या नळ्यांच्या भिंतींवर बीजाणू तयार होतात, सुटतात आणि भिंतीला न चिकटता सरळ खाली पडतात. नळी जरा तिरकी झाली की बीजाणू आतच अडकले. म्हणून नळ्या कायम काटेकोर उभ्या. आता असं समजा, झाड उभं असताना बुंध्यावर अळंबी धरली आणि मग वादळात झाड आडवं झालं. जुनी फळी एकदम काटकोनात फिरली, तिच्या नळ्या निकामी झाल्या. अळंबी जिवंत असेल तर ती नवा थर नव्या खालच्या दिशेनं धरते. ओंडक्यावर मग एक पिळवटलेली अळंबी दिसते: जुना अर्धा भाग भिंतीसारखा उभा, नवा भाग आडवा. झाड पडायच्या आधीपासून ती इथे राहत होती, याचा हा लेखी पुरावाच. बहुवर्षायू जातींत नळ्यांचे थर मोजून किती हंगाम गेले याचा अंदाजही बांधता येतो, कोष्टकासारखा अचूक मात्र नव्हे.

हे खालचं अंग बघायला झोपावं लागतं. दुसरा इलाज नाही. गुडघ्याच्या गाद्या त्यासाठीच. दहा पटींचं भिंग डोळ्याला, फूटपट्टी छिद्रांना, आणि एका मिलिमीटरात किती छिद्रं ते मोजायचं. तीन की पाच, यावर निकाल फिरतो. छिद्रं गोल की वेडीवाकडी, की लांबट होऊन पाकळ्यांसारखी झालेली, की फाटून दात झालेले? आर्द्र ओंडक्यांवर शेकड्यांनी उगवणारी ट्रायकॅप्टम ही बोटाच्या पेराएवढी अळंबी वरून करडी, शैवाळानं हिरवी झालेली, अगदी दुर्लक्ष करण्याजोगी. उलटी करा, खाली जांभळी कड. तो जांभळा रंग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी भर पावसात शेजारच्या अनोळखी गृहस्थांना हाक मारून दाखवला. ते कुत्र्याला फिरवायला आले होते. कुत्र्यानं अधिक रस घेतला.

आणि तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: हिनं खाल्लं काय? अळंबी म्हणजे नुसतं फळ. झाड म्हणावं ते तर ओंडक्याच्या आत, कवकजालाच्या रूपानं मीटर-मीटर पसरलेलं. ते जे खातं त्याची खूण लाकडात राहते. लाकडात दोन मुख्य गोष्टी: सेल्युलोज, जो धाग्यासारखा, आणि लिग्निन, जो त्या धाग्यांना घट्ट धरणारा गारा. काही कवकं गाऱ्यासकट सगळं पचवतात. मग उरतं ते फिकट, ओलं, तंतू-तंतू सुटणारं, चिंबलेल्या काथ्यासारखं. ही पांढरी कूज. दुसरी कवकं सेल्युलोज तेवढा काढून घेतात आणि लिग्निन टाकून जातात. लाकूड मग तडकून चौकोनी ठोकळे होतात, आणि ठोकळा चिमटीत धरला की त्याची तपकीर होते. हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. आमच्या आजोबांच्या डबीतली आणि हातातली पूड शेजारी ठेवली तर ओळखू यायची नाही. तपकिरी कूज हे नाव मराठीत आपोआपच दुहेरी बसलं आहे. तपकिरी कूज करणाऱ्या जाती मुख्यतः सूचिपर्णी लाकडावर असतात. त्यांनी टाकलेली ही तपकीर जंगलाच्या मातीत शतकानुशतकं टिकते आणि कोरड्या उन्हाळ्यात पाणी धरून ठेवते. मी ऑगस्टमध्येही असा ठोकळा पिळून थेंब काढले आहेत.

तेव्हा अळंबी तोडून पिशवीत घातली की यातलं काय हाती राहतं? रंग आणि आकार. लाकूड गेलं, कूज गेली, दिशा गेली, उन्हातला ओंडका की सावलीतला हेही गेलं. उन्हानं तापलेल्या, कोरड्या ओंडक्यावर ग्लिओफायलम असण्याचा संभव जास्त. ती तर लाकडी कुंपणावर आणि पुलाच्या कठड्यांवरही घर करते. पिशवीत तिच्या गंजकट पाकळ्या दिसतील, ऊन दिसणार नाही. राष्ट्रीय उद्यानांत संशोधनाचे नमुने घ्यायला परवाना लागतो, हा मला अडथळा न वाटता चांगला गुरू वाटतो. तोडता येत नाही म्हणून बघावं लागतं.

काहींशी मात्र ओळख चटकन होते. क्रिप्टोपोरस म्हणजे नुकत्याच मेलेल्या, भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या झाडावरचा सुपारीएवढा पिवळसर गोळा. नळ्यांच्या खाली याला एक पडदा असतो आणि पडद्याला एकच भोक. कापून पाहिलं तर आत बहुधा भुंगेरे. झाड मेल्याला एक-दोन वर्षंच झाली आहेत असं हा गोळा सांगतो. एकायनोडोन्शियमच्या खालच्या अंगाला छिद्रांऐवजी जाड दात, आणि फोडलं की आत कुंकवासारखा लालभडक गर. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यापासून रंग केला. फेओलस झाडाच्या पायाशी मखमली ताटासारखी उगवते, तिच्यापासून लोकर पिवळी रंगवतात. पोरोडेडॅलियाच्या तपकिरी मांसावर पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला की काळा डाग उमटतो, आणि तिच्या कुटुंबाचा पत्ता त्या एका थेंबात लागतो.

अगॅरिकॉनपाशी मात्र थोडं थांबतो. जुन्या डग्लस फर किंवा लार्चवर उंचावर लटकणारा, वर्षानुवर्षं थरावर थर चढवत गेलेला खडूसारखा पांढरा स्तंभ. फोडला तर खडूसारखाच भुरभुरतो. जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकायचं; कडूजहर. त्या चवीवरून तिकडच्या लाकूडतोड्यांनी त्यात क्विनाइन आहे असं मानलं आणि नावही तसंच पाडलं. क्विनाइन त्यात नाही. कडू ते औषध, ही समजूत आपल्याकडचीच एकट्याची नाही, एवढाच त्याचा अर्थ. डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात अगॅरिकॉनचे गुण लिहून ठेवले. पॅसिफिकच्या उत्तर किनाऱ्यावर हैदा, ट्लिंगिट आणि सिम्शियन लोकांच्या वैद्य-मांत्रिकांच्या थडग्यांपाशी या अळंबीतून कोरलेल्या मूर्ती असत. संग्रहालयांत त्या लाकडी मूर्ती म्हणून पडून होत्या. त्या लाकडाच्या नसून अगॅरिकॉनच्या आहेत हे रॉबर्ट ब्लँचेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं. म्हणजे तज्ज्ञांच्या हातात मूर्ती होती, भिंग होतं, नोंदवही होती. 'हे लाकूड आहे का?' हा वखारीतला पहिला प्रश्न तेवढा कुणी विचारला नव्हता. हैदांच्या एका कथेत डोमकावळा होडी घेऊन निघतो आणि सुकाणूवर बसवायला त्याला कुणी मिळत नाही. शेवटी झाडावरच्या अळंबीलाच तो माणूस करून बसवतो, आणि तीच होडी पार नेते. ते कुठल्या मोहिमेवर निघाले होते हे या सभागृहात सांगण्यासारखं नाही. उत्सुक मंडळींनी नंतर भेटावं.

आता ती, जिच्यासाठी मी हा सगळा घाट घातला. या जंगलांत सगळ्यात जास्त दिसणारी, लाल पट्ट्याची अळंबी. वर राखाडी-काळी, मग शेंदरी-लाल चकाकता पट्टा, कडेला लोण्यासारखी पांढरी किनार, आणि वाढीच्या दिवसांत किनारीवर पाण्याचे टपोरे थेंब. तपकिरी कूज करणारी. ओलोफ स्वार्त्झ या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८१० मध्ये तिला पिनिकोला म्हटलं, फिनलंडच्या कार्स्टेननं १८८१ मध्ये फोमिटॉप्सिस या घरात आणलं. मधल्या काळात कितीतरी पुस्तकांत ती फोमेस पिनिकोला होती. घर कुठलंही असो, युरोप-आशिया-अमेरिकेत ही एकच जात, असं सगळे मानत आले.

कॅनडात आयरीन माउन्स नावाची एक संशोधिका होती. १९२९ मध्ये या अळंबीच्या जीवनक्रमावर तिचा प्रबंध सरकारी कृषी खात्यानं छापला. नंतर रूथ मॅक्रे यांच्यासोबत तिनं ठिकठिकाणच्या नमुन्यांची कवकजालं एकमेकांशेजारी वाढवून त्यांची जोडी जमते का ते पाहिलं. १९३८ चा निष्कर्ष विचित्र होता. अमेरिकेतल्याच नमुन्यांचे दोन गट पडत होते, आणि त्या दोघांचं आपसात जमत नव्हतं. युरोपातल्या नमुन्यांशी मात्र दोघांचंही थोडंफार जमत होतं. दिसायला सगळ्या सारख्या. सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्याजोगं काही हाती नव्हतं, म्हणून नाव एकच राहिलं. पुढे माउन्सबाईंनी लग्न केलं आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत ठेवायचं नाही या तेव्हाच्या नियमानं त्यांना प्रयोगशाळा सोडावी लागली. जोडी जमली म्हणून काम सुटलं. एवढी क्रूर कोटी मी स्वतः केली नसती.

२००८ मध्ये त्यातली एक जात ओक्रेसिया या नावानं बाहेर पडली. तिची परीक्षा काडीपेटीनं होते. लाल पट्टेवालीच्या पाठीवर राळेचा थर असतो; काडी लावली की तो वितळून बुडबुडतो. ओक्रेसियाची पाठ न वितळता काळी पडते. (ही परीक्षा पावसाळी ऑक्टोबरात आणि सुटलेल्या कपच्यावरच करावी; उन्हाळ्यात त्या जंगलात काडी ओढणाऱ्याला मी स्वतः पोलिसांत देईन.) आणि २०१९ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून उरलेल्या अमेरिकी नमुन्यांच्याही दोन जाती झाल्या. एकीला वनरोगांचे जुने अभ्यासक हर्मन फॉन श्रेंक यांचं नाव मिळालं, दुसरीला माउन्सबाईंचं: फोमिटॉप्सिस माउन्सी. पिनिकोला हे मूळ नाव युरोप-आशियातल्या अळंबीकडे राहिलं. म्हणजे माझ्या नोंदवहीत 'पिनिकोला' म्हणून लिहिलेली हो खोऱ्यातली प्रत्येक नोंद एका दिवसात चुकीची ठरली. फोटो होते, ते काही बोलेनात. पण प्रत्येक नोंदीत ओंडका कुठल्या झाडाचा, किती कुजलेला, कूज कुठली, हे होतं. त्या नोंदींना हात लावावा लागला नाही. शिसपेन्सिलीचं तेवढं खोडलं.

ओरेगनच्या कॅस्केड पर्वतात १९४८ पासून राखलेलं एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक वन आहे. तिथे मार्क हार्मन यांनी १९८५ मध्ये पाचशेहून अधिक ओंडके जमिनीवर मांडले. डग्लस फर, हेमलॉक, रेड सीडर आणि सिल्व्हर फर, चारच जाती. ते कसे कुजतात ते पाहायचं, आणि प्रयोगाची मुदत दोनशे वर्षं. २१८५ साली शेवटची नोंद करणारा माणूस आज जन्मलेलाही नाही. २०२३ च्या वणव्यात त्या वनाचा मोठा भाग होरपळला; प्रयोगात आगीचं कलम नव्हतं, पण जंगलात ते पहिल्यापासूनच असतं. त्या दोनशे वर्षांत अळंब्यांची नावं किती वेळा बदलतील कोण जाणे. ओंडक्याची जात पहिल्या दिवशी लिहिलेली आहे, ती तशीच राहील.

सरांच्या घरून मागच्या महिन्यात निरोप आला. कपाट रिकामं करायचं होतं, माझ्यासाठी काही पाकिटं बाजूला काढली होती. त्यात एक हिमाचलचं होतं, सर मुलांना घेऊन कुलूकडे सहलीला गेले होते तेव्हाचं. शाईनं लिहिलंय: 'रई, पडलेला ओंडका, सालीसकट, तपकिरी कूज, उत्तरेकडची बाजू.' रई म्हणजे तिकडचा स्प्रूस. शिसपेन्सिलीनं आधी 'फोमेस पिनिकोला' होतं, ते खोडून 'फोमिटॉप्सिस पिनिकोला' केलंय. कदाचित बक्षींचं १९७१ चं भारतीय पॉलिपोरेसीवरचं पुस्तक हाती आल्यावर, कदाचित आणखी नंतर. आत अळंबी आहे, आणि तिच्या खालची चार बोटं रुंद लाकडाची ढलपी सुद्धा. ढलपी त्यांनी कधी टाकली नाही.

ते पाकीट मी आज बरोबर आणलंय. खाली टेबलावर ठेवलंय, शेजारी भिंग आहे. चहा झाला की या. लाकूड आधी बघा.